दारापलीकडचा समुद्र

समुद्राच्या तळाखालून बोगदा खणणारं ते यंत्र चार मजली इमारतीएवढं उंच होतं आणि त्याचं शेपूट एका गल्लीएवढं लांब. बघायला आलेले पाहुणे तोंडात बोट घालत. पण यंत्र झालं म्हणून काय झालं, दात त्याचेही झिजत. ते झिजले की माणसांना आत शिरून बदलावे लागत. या कामाला सगळे ‘तोंडात जाणं’ म्हणत. तोंडात गेलेल्यांना बाहेर बसून सांभाळायचं काम वहिनीचं होतं.

तशी ती वहिनी एकट्या बारक्याची. बारक्या तिचा धाकटा दीर, सहा फुटी गडी, पण घरातलं शेंडेफळ म्हणून नाव बारक्या. तो सगळ्यांदेखत ‘वहिनी, वहिनी’ करायचा, मग अख्खा बोगदाच तिला वहिनी म्हणायला लागला. नवरा बोटीवर, वर्षातले निम्मे महिने पाण्यात. ती जमिनीखाली, पाण्याच्याही खाली. सासूबाईंना तिनं आणि बारक्यानं सांगून ठेवलं होतं, आम्ही कारखान्यात आहोत. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

यंत्राच्या तोंडामागे जाड पोलादी भिंत होती. भिंतीला लागून एक लोखंडी खोली, तिघं गुडघे जोडून बसतील एवढीच, दोन्ही टोकांना एकेक दार. माणसं बाहेरच्या दारानं आत बसली की वहिनी ते दार लावायची आणि खोलीत हळूहळू हवा भरायची. तोंडात जेवढा दाब, तेवढा खोलीत झाला की आतलं दार उघडायचं. तोंडातली ती दाबाची हवाच समोरची ओली माती आणि मातीवरचा समुद्र थोपवून धरायची. परतताना सगळं उलटं, पण फार सावकाश, तासन् तास. घाई केली तर सोड्याची बाटली फटकन उघडल्यावर येतो तसा फेस माणसाच्या रक्तात येतो. मग कुणाचे सांधे जातात, कुणाचे पाय, कुणी सगळाच जातो.

त्या सकाळी तिघं आत गेले. टोळीचा प्रमुख, ज्याला मास्तर म्हणत. वेल्डर पैलवान, जो काडीसारखा होता म्हणूनच पैलवान. आणि बारक्या. दाब चढल्यावर आवाज चिरका होतो आणि शीळ तर वाजतच नाही. तरी पैलवान दर वेळी ओठ चंबू करून बघायचा.

“आज वाजली का रे?” वहिनीनं फोनवर विचारलं.

“पैलवानाची हवा गेली, वहिनी,” बारक्या चिरक्या आवाजात म्हणाला आणि आत तिघंही खिंकाळले.

हसतच त्यांनी आतलं दार उघडलं आणि तोंडात उतरले.

काम निम्मं झालं असेल, तेव्हा वहिनीच्या पाठीमागे कंप्रेसरचा आवाज बदलला. एरवी तो झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा चालायचा. आता त्याला धाप लागल्यासारखं झालं. तिनं गेजकडे पाहिलं. तोंडातला दाब जागच्या जागी होता, पण तो तिथं ठेवायला हवा मात्र जास्त जास्त लागत होती. भरल्या घड्यात कुणी पाणी ओततच राहावं आणि घडा वाहूही नये, तसं. मग ती हवा जात होती कुठं?

तिनं फोन उचलला, तर मुख्य इंजिनिअर आधीच लाइनवर होते. त्यांना सगळे साहेब म्हणत. हळू बोलणारा माणूस. आज ते आणखी हळू बोलत होते.

“मीही तेच बघतोय, वहिनी. वरच्या आपल्या कामाच्या बोटीवरून निरोप आलाय. आपल्या डोक्यावर समुद्र उकळतोय म्हणतात, भाताच्या पातेल्यासारखा. हवेनं मातीतून वाट काढलीय. तिघांना खोलीत घ्या. आत्ता.”

तिनं आत सांगितलं. एक शब्दही जास्त बोलली नाही. भीती आवाजातून लगेच पसरते, हे तिला ठाऊक होतं. मास्तर आधी आले. पैलवानाचा पट्टा कशात तरी अडकला होता. बारक्यानं चाकू काढून तो कापला आणि पैलवानाला काखेत धरून जवळजवळ फेकलंच खोलीत. आतलं दार लागलं, कड्या बसल्या.

“लागलं दार,” मास्तर म्हणाले.

तेवढ्यात पोलादी भिंतीपलीकडे एक दीर्घ, ओला उसासा ऐकू आला, एखादं मोठं जनावर कूस बदलतं तसा. आणि तोंडाच्या गेजचा काटा कोसळला.

वहिनीला वाटलं, चला, माणसं तर दाराच्या अलीकडे आली. पण तिची नजर दुसऱ्या काट्यावर गेली. खोलीचा काटाही उतरत होता.

ते दार पलीकडच्या दाबानं चौकटीवर घट्ट बसावं असं बनवलेलं होतं. पलीकडून जितका जोर, तितकं ते पक्कं. पण आता पलीकडचा जोरच गेला होता. खोलीतली हवा दाराला उलटी ढकलत होती, आणि रबराच्या कडेनं ती फुसफुसत तोंडाकडे पळत होती. सोड्याची बाटली उघडायला लागली होती.

“कान दुखतायत,” बारक्याचा आवाज आला. “वहिनी, धुकं झालंय आत. हे काय आहे?”

“काही नाही. हालू नका. मी हवा देतेय.”

तिनं व्हॉल्व्ह फिरवला. काटा थबकला, पुन्हा उतरायला लागला. पुन्हा फिरवला. कंप्रेसर ऊर फुटल्यासारखा धावत होता, पण निम्म्याहून जास्त हवा तोंडाकडे जात होती. तिथं ती समुद्राला थोपवू पाहत होती आणि समुद्राच्या तळाला पडलेल्या भोकातून वर उडून जात होती. दोन्हीकडे पुरेल एवढी हवा नव्हती.

“साहेब, दोन्हीकडे पुरत नाही,” ती म्हणाली.

साहेबांच्या नजरेसमोर आता काय काय असेल, हे तिला कळत होतं. तोंडाला हवा मिळाली तर यंत्र कदाचित वाचेल. नाही मिळाली तर गाळ आत येईल आणि सगळ्या देशानं ज्याचे फोटो काढले होते ते यंत्र समुद्राखाली गाडलं जाईल. कित्येक वर्षांचं काम एका सकाळीत मातीमोल.

“तोंडाची हवा बंद करा,” साहेब म्हणाले. “सगळी खोलीला द्या.”

“मग समुद्र आत येईल.”

“येऊ दे त्याला. तो आला तरच ते दार घट्ट बसेल. एवढा दाब देणारं आता दुसरं काही नाही आपल्याजवळ.”

“आणि भिंत?”

“भिंत त्याच्यासाठीच बनवलीय,” ते म्हणाले, आणि मग खरं ते बोलले, “अजून तपासायची वेळ आली नव्हती, एवढंच.”

तोंडाचा व्हॉल्व्ह वहिनीच्या डाव्या हाताला होता, लाल रंगाचं चाक. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा बारक्या शाळेत होता. त्याचा डबा, त्याच्या मारामाऱ्या, त्याचं अपयश लपवणं, सगळं तिनंच केलं होतं. आता त्याच्या दारापर्यंत समुद्र तिनंच आणायचा होता. तिनं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि बंद होईपर्यंत फिरवलं.

आधी काहीच झालं नाही. मग पायाखालचं पोलाद थरथरलं. भिंतीपलीकडे काहीतरी आलं. धावत नाही, सावकाश, घरचं माणूस खोल्या बघत यावं तसं. घरंगळणं, घासणं, आणि मग दारावर ठोका. एक. थोड्या वेळानं दुसरा.

“वहिनी,” बारक्या कुजबुजला, “पलीकडून कुणीतरी दार वाजवतंय.”

“तुम्ही तिघंच गेला होतात ना?”

“तिघंच.”

“मग दगड आहेत. दुसरं काय असणार?”



काटा उतरायचा थांबला. फुसफुस बंद झाली. समुद्रानं दार आपल्या खांद्यानं रेटून लावलं होतं. वहिनीनं काटा पुन्हा वर चढवला, पहिल्या दाबापर्यंत, आणि तिथून खाली आणायला सुरुवात केली, तांदूळ निवडावेत तशी. मध्येच पैलवान कण्हायला लागला. खांद्यात सुऱ्या खुपसतायत म्हणाला, मग म्हणाला पाय कुठं आहेत माझे? मास्तरांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. बाहेर डॉक्टर आले, साहेब येऊन तिच्या शेजारी उभे राहिले, कुणीतरी चहा ठेवला तो निवला. पलीकडचे ठोके अधूनमधून चालूच होते.

बाहेरचं दार उघडलं तेव्हा बारक्या आपल्या पायांनी बाहेर आला. मास्तरही. पैलवानाला स्ट्रेचरवर काढावं लागलं. तो जगला, पण कुबड्या त्याला कायमच्या लागल्या.

बातमी टीव्हीवर आली, तेव्हा कारखान्याचं बिंग फुटलं. सासूबाई दोन दिवस दोघांशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बारक्याच्या ताटात वाढता वाढता रडल्या, तेवढंच.

मोठ्या लोकांनी हार मानली नाही. बोटीवरून समुद्राच्या तळात शेकडो नळ्या ठोकल्या, त्यांतून उणे तापमानाचं खारं पाणी खेळवलं आणि यंत्राभोवतीची सगळी माती गोठवून दगडासारखी केली. समुद्राखाली बर्फाची गढी उभी राहिली. जगभरातून माणसं ती करामत बघायला आली. तोंडातला गाळ उपसला गेला. यंत्र जसंच्या तसं निघालं, आणि त्याचे निम्मे दात तसेच झिजलेले होते. ते बदलायला कुणाला तरी आत जावंच लागणार होतं.

बारक्यानं नाव दिलं.

“तुला वेड लागलंय,” वहिनी म्हणाली.

“मी नाही गेलो तर दुसऱ्या कुणाच्या तरी घरचा जाईल. आणि काम अर्धवट सोडलं तर झोप लागत नाही मला. तशीही लागत नाही म्हणा.”

तिला वाटलं, सासूबाई आडव्या पडतील. पण त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, “त्या दाराशी ही बसणार असेल तर जाऊ दे त्याला. दुसरं कुणी असेल तर नाही.”

वहिनीनं त्या कामातून सुटका मागणारा अर्ज साहेबांकडे द्यायचं ठरवलं होतं. तो तिनं दिला नाही.

गोठवलेल्या मातीमुळे खोलीचं पोलाद इतकं थंड झालं होतं की हात चिकटायचा. तिघं आत बसले, पैलवानाच्या जागी एक नवीन वेल्डर. बारक्यानं दाराच्या काचेतून हात हलवला. तिनं बाहेरचं दार ओढून लावलं, कड्या फिरवल्या आणि पुन्हा एकदा ओढून पाहिलं. मग हवा सोडली. काटा चढायला लागला. ती त्याच्याकडे बघत नव्हती. मान किंचित वाकडी करून ती पोलादाच्या पलीकडे कान देऊन उभी होती. तिथं अजून काहीच ऐकू येत नव्हतं.