आमच्याकडचा वक्तशीरपणा

"फरशी वाळूसुद्धा देत नाहीत. आले पाय उमटवायला," दवाखाना झाडणाऱ्या-पुसणाऱ्या मथुराबाई फडकं पिळत स्वतःशीच बोलत होत्या. स्वतःशीच, पण आम्हाला ऐकू जाईल इतपत. "डॉक्टर यायच्या पाचला, आणि पेशंट चारलाच हजर."

सदाशिव पेठेतल्या त्या मानसोपचाराच्या दवाखान्याबाहेर आम्ही तिघं पायरीवर बसलो होतो. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला श्रीधर, मध्ये आमची मुलगी उल्का.

"वाटेत गर्दी लागली असती तर?" श्रीधर म्हणाला.

दवाखाना आमच्या घरापासून तीन गल्ल्यांवर आहे. आम्ही चालत आलो होतो.

श्रीधरच्या घरात लवकर पोचायची पद्धत आहे. नवीन लग्न झालं तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं, कारण माझ्या माहेरी गाडी सुटायच्या वेळेला डबे भरायला घेत. सासऱ्यांबरोबर मी कित्येक लग्नांना मांडववाल्याच्या आधी पोचले आहे. एकदा हडपसरच्या कार्यालयात आम्हाला आचाऱ्याची माणसं समजून कोथिंबीर निवडायला बसवलं. सासऱ्यांनी, म्हणजे श्रीधरच्या दादांनी, ती निवडलीही. हाताला काम असलेलं बरं, म्हणाले. प्रवासाच्या आदल्या दिवशी त्यांना उलट्या व्हायच्या. त्याला घरात पित्त म्हणत. नणंद सुनीती पुण्याबाहेर पडत नाही, तिला घाट लागतो. श्रीधर रोज सकाळी पोट दाबून धरत घरभर फेऱ्या मारतो आणि बँक उघडायच्या आधी बँकेच्या दारात उभा असतो. तो वक्तशीरपणा. बँकेने त्याबद्दल त्याला घड्याळ दिलंय.

उल्काच्या त्रासाला मात्र असं घरगुती नाव सापडेना. हडपसरला कंपनीत नोकरी लागली आणि पहिल्याच आठवड्यात ती दोनदा बसमधून अर्ध्या वाटेत उतरून रिक्षाने घरी आली. छातीत धडधड, हात गार, श्वास पुरेना. हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. कंपनीने सोमवारपर्यंत वाट बघू म्हटलं होतं. ही नोकरी गेली तर आपण पुन्हा कुठे अर्जही करणार नाही, असं उल्काने जेवताना सांगून टाकलं होतं, मीठ मागावं तितक्या शांतपणे.

डॉक्टर बाई माझ्याहून लहान होत्या. त्यांनी उल्काचं सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "घरात आणखी कोणाला असा त्रास?"

"छे," श्रीधर म्हणाला. "आमच्याकडे सगळे खणखणीत."

मी पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

"म्हणजे मीच एकटी," उल्का म्हणाली. "बाबा, मी सांगत होते ना. माझ्यातच काहीतरी बिघडलंय."

"बिघडलेलं नाही काही," डॉक्टर म्हणाल्या. "घाबरण्याचा कल काही घरांत जास्त असतो. थोडा रक्तातून येतो, थोडा आपण लहानपणी बघून उचलतो. आला म्हणजे जन्माचा चिकटला असं नाही. आधी बसमध्ये दोन स्टॉप जायचं, धडधडलं तरी उतरायचं नाही. ते आपोआप ओसरतं, हे शरीराला कळायला लागतं. मग पुढचे स्टॉप. लागलं तर गोळ्याही आहेत. पण घरात कोणाला असेल तर मला माहीत असलेलं बरं. आणि हिलाही."

"मी सोमवारी जाणार नाही," उल्का म्हणाली. "दोन स्टॉपसुद्धा नाही. तुम्हाला कळत नाही ते कसं असतं. घरात कोणालाच कळत नाही."

डॉक्टरांनी तिच्याकडे नाही, श्रीधरकडे पाहिलं.

"मथुराबाई म्हणत होत्या, तुम्ही चारलाच आलात."

"उशीर नको म्हणून."

"झाला असता तर?"

"बरं दिसत नाही ते."

"कोणाला?"

श्रीधरने बँकेच्या घड्याळाकडे पाहिलं. मग मनगट मांडीखाली दाबून ठेवलं. बाहेर मथुराबाईंची बादली सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता तो पाणी मागेल.

त्याने पाणी मागितलं. अर्धा पेला प्यायला, उरलेला उल्कापुढे सरकवला. तिने तो घेतला, पण प्यायली नाही. ती त्याच्या मांडीखाली दाबलेल्या मनगटाकडे बघत होती.

"बाबा?"

"मला होतं हे," श्रीधर म्हणाला. "रोज सकाळी, घरातून निघताना. भीती वाटते मला, उल्के. दादांनाही वाटायची. पित्त नव्हतं ते."