पिंपातली एक ओळ

आमच्या खाडीतल्या पिंपाला कुलूप नाही, पोस्टमन नाही आणि तिकीटही लागत नाही. जहाजातून उतरलेल्या पाहुण्यांनी आपलं पत्र त्यात टाकायचं आणि आधी पडलेल्या पत्रांतून आपल्या गावाकडचं एखादं उचलायचं. घरी पोचलं की त्या माणसाचं दार वाजवून ते हातात द्यायचं. जिकडे आपण जाणार नाही तिकडचं पत्र उचलायचं नाही, ते परत पिंपात. जुन्या खलाशांनी पाडलेली ही रीत मी गाइड म्हणून बावीस वर्षं लोकांना सांगतेय. स्वतः मात्र कधी त्यात एक ओळ टाकली नव्हती. बेटावर आम्ही सगळी मिळून शंभर-सव्वाशे माणसं. इथल्याने इथल्याला लिहायचं कशाला?

माझा धाकटा भाऊ सेगुंदो समुद्रात गेला त्याला सहा वर्षं झाली. तो मला न्याना म्हणायचा. आमच्याकडे बहिणीला तसंच म्हणतात. बंदी असताना तो समुद्रकाकड्या, तळाशी सरपटणारे ते मऊ जीव, विकायला काढायचा, आणि मी त्याच समुद्राची राखण करणाऱ्यांची माणूस. एके दिवशी त्याची भिजलेली पोती मला माझ्याच अंगणात सापडली. माझं गाइडचं लायसन्स गेलं असतं. मी ती पोती रस्त्यावर फेकली आणि त्याला म्हटलं, "चालता हो. पुन्हा मला तोंड दाखवू नकोस."

तो गेला. दोन रात्री खाडीत होडीतच झोपला म्हणे, आणि तिसऱ्या दिवशी निघून गेला. होडी मिळाली नाही, फळी मिळाली नाही. आमची आई, सोइला, तेव्हापासून दर रविवारी त्याची ताटली मांडते. डोळ्यांत मोतीबिंदू, पायांत बळ नाही, आणि या वर्षी तर छातीही भरून येते. डॉक्टर म्हणाला, फार दिवस धरू नका. आईला फक्त मुलगा हवा होता. आणि तो मी घालवला होता, हे तिला मी अजून सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये चिलीची एक शाळामास्तरीण माझ्या गटात आली. माझ्या आधीच वाळूत उतरून पिंपाशी पोचली होती. परत येऊन म्हणाली, "तुमचा तो माणूस बराच वेळ उन्हात उभा आहे हो."

"कुठला माणूस? इथे कोणी राहत नाही."

"पिंपाशी होता. गावाकडे कोणी जातंय का, असं विचारत होता. मी म्हटलं, नाही, आम्ही जहाजावर परत जाणार. मग त्याने हातातलं कार्ड पुन्हा आत टाकलं."

"दिसायला कसा होता?"

"तोंड नाही दिसलं. पाठ करूनच बोलला. कपडे मात्र चिंब ओले."

मी हसण्यावारी नेलं. उन्हाने डोकं फिरतं लोकांचं. पण एप्रिलमध्ये लिमाचा एक म्हातारा माझ्यावरच घसरला. "बाई, तुमच्याकडे माणसाशी बोलताना वळून बघायची पद्धत नाही का? तो ओला गडी मला विचारतो, गावाकडे जाणार का, आणि बोलतो भिंतीशी बोलल्यासारखा." त्या खाडीत भिंत नाही, फक्त समुद्र आहे. तो समुद्राकडे तोंड करून उभा होता.

त्यानंतर मी पाहुण्यांना पिंपाशी सोडून लांबच थांबायला लागले. भीती वाटत होती, दुसरं काय.

घरी आई विचारायची, "पिंपात आपलं काही आहे का?"

"आपलं काय असणार, आई? ते पाहुण्यांचं पिंप आहे."

"बघितलंस का पण?"

"रोज बघते."

"दुसऱ्यांची नावं बघतेस. गाढवीण मेली." मग दम खाऊन म्हणाली, "मला वेळ नाहीये, एर्मिला. बघ जा."

दुसऱ्या दिवशी जहाज नव्हतं. टेकडीवरून दीड तास चालत मी एकटीच खाडीत उतरले. पिंपाशी कोणी नव्हतं. वाळू मात्र एका जागी ओली होती, भरतीच्या रेषेपासून कितीतरी वर. मी सगळी पत्रं बाहेर काढून मांडीवर घेतली. तळाशी एक कार्ड होतं, कडा विरलेल्या, हातात गार लागणारं. पत्त्याच्या जागी एवढंच: न्यानाला, वरच्या घरी. देश नाही, गाव नाही. सहा वर्षं हजारो पाहुण्यांनी ते उचललं असेल आणि हे कुठलं घर, म्हणून परत टाकलं असेल. आणि मी शेजारी उभी राहून, आपण जाणार तिकडचंच पत्र उचला, असं सांगत होते.

अक्षर सेगुंदोचं होतं.

"न्याना, काकड्या सोडल्या. शेवटची एक फेरी, तीही साध्या मासळीची. रविवारी परत येईन तेव्हा आधी पिंपात बघेन. 'ये' एवढीच एक ओळ लिहून ठेव. ओळ नसेल तर घरी येत नाही, तसाच पुढे जातो. इंजिन खोकतंय, आईला सांगू नकोस."

म्हणजे तो आला असणार. त्या रविवारी त्याने पिंपात हात घातला असेल, सगळी कार्डं उलटीपालटी केली असतील, आणि खोकणारं इंजिन घेऊन पुन्हा बाहेर गेला असेल. मी तिथेच वाळूत बसून गुरासारखी रडले. मग पिशवीतून कोरं कार्ड काढलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्यावर एवढंच लिहिलं. "सेगुंदो, घरी ये. आई वाट बघतेय." ते वरच ठेवलं आणि मागे न बघता घरी आले.

सकाळी पुन्हा गेले. कार्ड नव्हतं. पिंपापासून टेकडीकडे अनवाणी पावलं उमटली होती. वाळू संपून काळा खडक लागला तरी ती दिसत होती, डोक्यावर ऊन तापलेलं असताना ओलीच्या ओली. मी दुसऱ्या वाटेने आले होते. आमची चुकामूक झाली होती.

धापा टाकत घरात शिरले. टेबलावर दोन ताटल्या होत्या, दोन्ही चाटूनपुसून साफ. एका खुर्चीखाली पाण्याचं थारोळं. आईच्या तोंडावर सहा वर्षांत न दिसलेली कळा आली होती.

"दोनदा सूप मागून घेतलं," ती म्हणाली. "सुपातला युकाचा कंद जरा कच्चा राहिलाय, असंही म्हणाला. कुठेही जाऊन आला तरी खोड्या त्याच."

"दिसला तुला?"

"मला काय दिसतंय? पण आवाज भिंतीकडून येत होता. म्हटलं, अरे, वळून बस की जेवायला. तर म्हणतो, न्यानाने मनाई केलीय. ये म्हणून लिहिलंय तिने, तोंड दाखव म्हणून कुठे लिहिलंय?" आई माझ्याकडे तोंड करून थांबली. "काय बोललीस गं तू त्याला?"

मी सांगितलं. सहा वर्षांनी, एका वाक्यात. आईने टेबलावर चाचपडून पेन माझ्याकडे सरकवलं.

"मागे टाकीपाशी उभा आहे. हाक नको मारूस. मी सहा वर्षं हाकाच मारल्या. लिही."

मी लिहिलं आणि मागच्या दारी गेले. पाण्याच्या टाकीला टेकून तो उभा होता, निळ्या शर्टात, माझ्याकडे पाठ करून. शर्टातून पाणी ठिबकत होतं आणि खालची माती ते पीत नव्हती. त्याने एक हात मागे केला. पत्र हातात द्यायचं असतं, ही रीत त्याला मीच लहानपणी शिकवली होती. मी कार्ड त्या हातावर ठेवलं. बोटं बर्फासारखी होती आणि त्यांना नखं नव्हती.

तो वाचत होता. "तोंड दाखव, बाळा. कसंही असू दे." एवढंच होतं त्यात.

सहा वर्षं समुद्राने ठेवून घेतलेल्या माणसाचं तोंड कसं होऊन जातं, ते मला माहीत आहे; मी किनाऱ्यावर राहणारी बाई आहे. पाय घराकडे ओढत होते. त्याचा खांदा हलला आणि तो वळायला लागला. मी डोळे उघडे ठेवले.