लाल खुणेवरची लेन्स

बायको गेल्यापासून फिटरने घरातला एकही स्क्रू सोडला नव्हता. दारांच्या बिजागऱ्या आवळून झाल्या, खिडक्यांचे कोयंडे झाले, खुर्च्यांचे पाय झाले. स्वयंपाकघरातला नळ त्याने इतका आवळला की एका सकाळी मूठच हातात आली. उभा जन्म बस डेपोत गेलेला माणूस. सैल काही दिसलं की हात शिवशिवायचे, आणि हल्ली त्याला सगळंच सैल दिसायचं.

मेहुणी रविवारी चक्कर मारायची. बायकोची धाकटी बहीण, तोंडाची फटकळ. तुटका नळ बघून ती म्हणाली, "भावोजी, आता भिंतीच तेवढ्या राहिल्यात आवळायच्या."

"त्यांना नट नसतात," तो म्हणाला.

"असते तर सोडल्या नसत्यात."

तो हसला नाही. चहाचा कप ठेवायचा म्हणून त्याने टेबलावरचा कॅमेरा बाजूला सरकवला आणि पुन्हा उठून खिडकीशी गेला. बसला की उठायचा आणि उठला की कशासाठी उठलो ते विसरायचा. आज त्याला तळ्यावर जायचं होतं आणि मेहुणी काही हलायचं नाव घेत नव्हती.

कॅमेरा बायकोचा. ती कपडे शिवायची. दिवसभर मशीनवर मान मोडून झाली की संध्याकाळी पक्षी बघायला बाहेर पडायची. वर्तमानपत्रातल्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरने काम सोडलं तेव्हा त्याची मोठी लेन्स तिने घेतली. लेन्स कसली, तोफच ती. हातात धरून फोटो काढायचा तर पैलवान लागला असता, आणि बायको अंगाने काडी. म्हणून तिने तीन पायांच्या स्टँडवर बसवायचा एक लोखंडी हात आणला. लेन्सच्या पोटाखाली एक पाय असतो, त्याला एक लांब पट्टी लावलेली असते. ती पट्टी त्या हाताच्या जबड्यात सरकवून बसवली की लेन्स हवेत टांगल्यासारखी राहते. वर-खाली आणि डावी-उजवीकडे, पाहिजे तशी फिरते. दुकानात त्या वस्तूला काहीतरी भारी नाव होतं. घरात सगळे तिला झोपाळा म्हणत.

गावाबाहेर कापडाची एक बंद गिरणी होती. तिच्या धुराड्यावर दरवर्षी करकोच्यांची जोडी घरटं करायची आणि खालच्या तळ्यात चरायची. नराच्या पायात काही नव्हतं. मादीच्या पायात पांढरं कडं होतं, त्यावर काळ्या अक्षरांत एच, चार, सात. ती पाण्यात पाय टाकायची ते चप्पल भिजू नये अशा बेताने, म्हणून बायकोने तिचं नाव ठेवलं होतं बाईसाहेब. बाईसाहेब आल्या, कड्याचा फोटो निघाला, म्हणजे बायकोचं वर्ष सुरू व्हायचं.

हॉस्पिटलात शेवटी शेवटी तिला बोलताना धाप लागायची. तरी एका दुपारी ती म्हणाली होती, "अहो, बाईसाहेब येतात का ते बघाल ना? नीट बघा. कडं वाचा. उगाच मला बरं वाटावं म्हणून सांगू नका."

"बघतो," तो म्हणाला होता. तेव्हा थंडी होती, आणि करकोचे यायला अजून वेळ होता. बायको तोवर थांबली नाही.

यंदा जोडी आली. पिल्लं झाली, मोठी झाली, उडाली. मादीच्या पायात कडं आहे हे दुर्बिणीतून दिसत होतं, वाचता येत नव्हतं. फिटर जवळजवळ रोज तळ्यावर जाऊन बसत होता. आता करकोचे मैदानावर थव्याने जमायला लागले होते. एकदा सगळे निघून गेले की पुढच्या वर्षापर्यंत विचारायला कोणी नाही.

मेहुणीने कॅमेरा उचलला आणि मागच्या पडद्यावर फोटो बघायला लागली. एक बघितला, दुसरा बघितला. मग भराभर पुढे सरकवत राहिली.

"भावोजी, हा करकोचा आहे की दोरीवर वाळत घातलेली चादर?"

"हलतो तो."

"ताईच्या वेळी काय खिळे ठोकून उभे राहायचे?"

त्याने कॅमेरा तिच्या हातातून काढून घेतला. "मला जायचंय. उन्हं उतरली की ते पाण्यात येतात."

"मग चला. मीही येते."

"तू कशाला?"

"चादर बघायला," ती म्हणाली आणि चपला घालायला गेली.

तळ्याच्या काठावर बायकोची एक ठरलेली जागा होती, झुडपांच्या मागे. फिटरने स्टँडचे पाय रोवले, एकेक करून आवळले. झोपाळा बसवला, आवळला. लेन्सची पट्टी जबड्यात सरकवली, डोळे बारीक करून काहीतरी जुळवलं, आणि जबडा असा आवळला की मनगटावरची शीर वर आली. शेवटी झोपाळ्याच्या दोन मुठी. एक वर-खालीची, एक डाव्या-उजवीची. त्याही त्याने आवळल्या. मेहुणी थर्मासच्या झाकणात चहा ओतत बघत होती.

"तोफ डागायची आहे का?"

"गप्प बस. पक्षी बुजतात."

मादी आली. धुराड्यावरून उतरली, पलीकडच्या उथळ पाण्यात उभी राहिली आणि चालायला लागली. फिटर लेन्सला चिकटला. ती चालली की लेन्स तिच्यामागे फिरवायला हवी. पण मूठ इतकी घट्ट की फिरवायला दोन्ही हातांचा जोर लावावा लागे. जोर लावला की सगळा स्टँड पिळला जाई, सोडलं की तो पीळ उलगडे, आणि चित्र कंप पावे. तो फिरवी तोवर पक्षी पुढे. तो थांबवी तेव्हा चौकटीत नुसतं पाणी. कपाळावर घाम आला. बटण दाबत होता, दातांमधून श्वास घेत होता. मादीने काहीतरी टिपलं, मान वर केली आणि पंख पसरून पुन्हा धुराड्याकडे गेली.

मेहुणीने पडद्यावर बघितलं. "चादर," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "भावोजी, ताई एका बोटाने फिरवायची हो ते. मी बघितलंय. माझ्याशी बोलत बोलत फिरवायची."

"माहीत आहे मला."

"मग तुम्ही ते असं आवळता कशाला?" असं म्हणत तिने बाजूची मूठ सैल केली.

लेन्सचं तोंड धाडकन खाली गेलं आणि स्टँडच्या पायावर आपटलं.

फिटरने तिचा हात झटकला. "हात लावू नकोस म्हणून सांगितलं नव्हतं?"

"नव्हतं."

"मग आता सांगतो."

त्याने लेन्स वर उचलली, पुढची काच बघितली, पुढच्या नळीवरून अंगठा फिरवला. काही झालं नव्हतं. तरी तो पुन्हा पुन्हा बघत राहिला. मेहुणी दोन पावलं मागे जाऊन उभी राहिली. तिचं तोंड बंद होतं, म्हणजे तिला लागलं होतं.

"तोंडाकडे जड झालीय ती," अखेर तो म्हणाला. "म्हणून पडते. आवळली नाही तर राहत नाही."

"ताईच्या हातात कशी राहायची?"

"तेव्हा कॅमेऱ्याच्या बुडाला बॅटऱ्यांचा जादा डबा होता. हिवाळाभर तसाच पडून होता, आतले सेल फुटले, सगळं पांढरं झालं. मी तो काढून टाकला. मागचं वजन गेलं. मग पुढचं खाली जाणारच."

"मग काय करायचं असतं?"

त्याचा हात जबड्याकडे गेला आणि परत आला. काय करायचं असतं ते त्याला डबा काढला त्याच दिवशी कळलं होतं. बसचं इंजिन साखळीला टांगून ज्याने हवेत तोललंय त्याला हे न कळायला काय झालं? जबडा सोडायचा, पट्टी मागे सरकवायची. जिथे सोडू तिथे लेन्स राहायला लागली की जबडा बंद. मुठींना हात लावायची गरज नाही.

मेहुणी जवळ आली आणि वाकून जबड्याकडे बघायला लागली. पट्टीवर आडवी एक लाल रेघ होती, बरोबर जबड्याच्या काठाशी जुळलेली. फिटर मघाशी डोळे बारीक करून तीच जुळवत होता.

"ही ताईने केली?"

"दर वेळी तोलत बसायला नको म्हणून. खूण काठाला लावायची, झालं. तिचा जसा तोल होता तसा आहे तो. मी हलवलेला नाही."

"म्हणून चादरी."

"असू दे चादरी."

मेहुणीने रेघेवर नख घासलं. "हे माझं नखपॉलिश आहे."

"काय?"

"माझी बाटली. माझ्या नणंदेच्या मुलीच्या लग्नाला घेतली होती, नवी कोरी. ताई आली, एक मिनिट दे म्हणाली आणि घेऊन गेली. मी विचारलं की म्हणायची, अगं, आहे गं, देते गं. तिने आयुष्यात नखाला रंग लावला नाही. मी म्हणायचे, हिला हवी कशाला? आणि ही इथे बसलीय होय." ती रेघेकडे बघत होती. "माझ्या बाटलीतल्या एका थेंबासाठी तुम्ही उन्हाळाभर चादरी काढताय, भावोजी."

फिटर खाली बसला. मग उठला. तळ्याच्या काठापर्यंत गेला, दगड पायाने ढकलला, परत आला. समोर धुराड्यावर मादी चोचीने पंख साफ करत उभी होती. पाठीमागे मैदानावर थवा जमत होता, त्यांच्या चोचींचा टकटकाट इथपर्यंत येत होता.

"रेघ हलली तर," तो म्हणाला आणि थांबला.

"रेघ कुठे हलतेय? ती पट्टीवरच राहील. पट्टी हलेल."

त्याने पट्टीकडे बघितलं. तेही खरंच होतं.

"लेन्स धर," तो म्हणाला. "दोन्ही हातांनी. सोडू नकोस."

तिने धरली. त्याने जबडा सैल केला. उन्हाळाभर इतका आवळला होता की सुटताना तो कुरकुरला. फिटरने पट्टी मागे सरकवली. थोडी. लेन्सने मान खाली घातली. अजून थोडी. अजून. लाल रेघ जबड्याच्या काठापासून सुटली आणि मागे उघडी पडली. त्याने रेघेकडे बघितलं नाही. जबडा बंद केला, बेतानेच, आणि दोन्ही मुठी सोडून दिल्या.

"सोड आता."

मेहुणीने भीत भीत हात काढले. लेन्स जिथे होती तिथेच राहिली. फिटरने बोटाने तिला वर केलं, ती वर राहिली. खाली केलं, खाली राहिली. त्याचे हात पुन्हा मुठींकडे गेले. मेहुणीने नुसतं बघितलं त्यांच्याकडे, आणि त्याने ते खिशात घातले.

मादी पुन्हा उतरली. या वेळी अलीकडच्या बाजूला. ती चालली तशी लेन्स तिच्याबरोबर चालली, नुसता हात ठेवला तरी पुरत होतं. पाय पाण्याबाहेर आला, कडं दिसलं, त्याने बटण दाबलं. पुढचं पाऊल, पुन्हा दाबलं. पाणी हलत होतं, पक्षी चालत होता, चित्र मात्र स्थिर होतं.

"वाच तू," तो म्हणाला आणि बाजूला झाला. "माझा चष्मा घामाने धुरकटलाय."

चष्मा स्वच्छ होता. मेहुणीने पडदा हाताच्या ओंजळीत धरून सावली केली आणि चित्र मोठं केलं. मग आणखी मोठं केलं.

"वाच की."

"के," ती म्हणाली. "के, नऊ, शून्य."

फिटरने स्वतः येऊन बघितलं. चित्र मोठं केलं, पुढचं बघितलं, त्याच्या पुढचं. सगळ्यांवर के. अक्षरं इतकी साफ होती की दुसरं काही वाचायची सोयच नव्हती. उन्हाळाभराच्या त्या धुरकट फोटोंमध्ये त्याला कधी चार दिसला होता, कधी सात दिसला होता.

"नाही आल्या," तो म्हणाला. मेहुणीला उद्देशून म्हणाला असं वाटलं नाही.

"ही दुसरीच मग."

"दुसरी."

"बाईसाहेब दुसरीकडे गेल्या असतील. दुसरं धुराडं."

"असं सांगायचं नाही," फिटर म्हणाला. "उगाच बरं वाटावं म्हणून. दिसलं तेवढंच सांगायचं."

मेहुणीने पदराने नाक पुसलं आणि थर्मास उचलला, पण चहा ओतला नाही. फिटर पुन्हा लेन्समागे जाऊन उभा राहिला. फोटो झाला होता, काम संपलं होतं, तरी त्याचं बोट त्या परक्या मादीच्या मागे मागे जात होतं. ती पाय टाकायची ते धपाधप, बाईसाहेबांसारखं नाही. चिखल उडवत चालली होती.

"ये," तो म्हणाला. "तू फिरवून बघ."

मघाशी हात झटकला होता म्हणून ती आधी नुसतीच उभी राहिली. मग तिने एक बोट लावलं. लेन्स सरकली. तिने डोळा लावला आणि मादीच्या मागे गेली, मादी वळली तशी वळली.

"ताई अशीच फिरवायची?"

"ती बोलत फिरवायची. तूच म्हणालीस."

"मग बोला की काहीतरी. मी फिरवते."

 बोलायचं काम घरात बायकोचं असायचं. त्याने स्टँडचा एक पाय चाचपून बघितला, तो घट्ट होता. मादीने पंख उघडले आणि उडाली, आणि मेहुणी तिला धुराड्यापर्यंत घेऊन गेली.

"तुझी बाटली घरात आहे," शेवटी तो म्हणाला. "मशीनच्या खणात. वाळून दगड झालीय."

"मग असू दे," डोळा न काढता ती म्हणाली. "मी कुठे परत मागितली?"