तक्रार नाही

वर्ना स्टॉलनेकरच्या घरापर्यंत इंटरनेटची तार आली नाही आणि तिची नोकरी गेली. पण हे तूर्त घडलेलंच नाही, असं समजू. त्या मंगळवारी वर्नाही तसंच समजून, कानाला हेडफोन लावून स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसली होती आणि ओहायोतल्या एका म्हाताऱ्याला सांगत होती, की गुडघ्याच्या ऑपरेशनचा तुमचा दावा विमा कंपनीने नामंजूर केला आहे. नेमकं तेव्हाच नेट अडखळलं. 'ना' तेवढा हवेत विरला. 'मंजूर' व्यवस्थित पोचलं. म्हाताऱ्याने तिला तोंडभर आशीर्वाद दिले आणि फोन ठेवला.

एप्रिलमध्ये तिने असे तीन गुडघे आणि एक मोतीबिंदू मंजूर केले होते.

दोष पालवीचा होता. सॉरेल फोर्कच्या खोऱ्यात अकरा घरं, दोन्ही बाजूंना डोंगर. मोबाइल कंपनीचा इंटरनेटचा पांढरा डबा तिच्या खिडकीत बसून पलीकडच्या टॉवरकडे झाडांमधून बघायचा. जानेवारीत झाडं उघडी होती, तेव्हा त्याला सगळं दिसे. सारं वेस्ट व्हर्जिनिया वसंताची वाट बघत असताना वर्ना एकटी कळ्या मोजून शिव्या देत होती.

तसं निवडायला तिला दोन्ही होतं. डबा दुसऱ्या दिवशी मिळणार होता, सहकारी संस्थेची तार दीड वर्षाने. तिने डबा घेतला, तोही तार येईपर्यंतच.

बुधवारी तिच्या साहेबीण, ॲरिझोनातल्या टॅमसिनबाई, फोनवर आल्या. त्या फार गोड बोलल्या. कंपनीला तो मोतीबिंदू महागात पडला होता. यापुढे घरून काम करणाऱ्याकडे तारेचंच इंटरनेट हवं. शुक्रवारपर्यंत तार येणार असल्याचं पत्र दाखव, मग थांबू.

वर्नाने लगेच सहकारी संस्थेला फोन लावला. तिथल्या कारकूनबाईंनी यादी पाहिली. तुमचं खोरं यादीतून निघालंय, म्हणाल्या. तारेचा सरकारी पैसा डोंगरापलीकडे गेला.

"का पण?"

"सरकारी नकाशात तुमच्याकडे मोबाइलची सेवा आहे ना. आणि फेब्रुवारीतल्या पाहणीत तुम्ही समाधानी आहात."

"मी? कोण म्हणालं?"

"तुम्हीच. सेवेबद्दल काय म्हणाल, असं विचारलं होतं. इथे लिहिलंय, तक्रार नाही."

वर्नाला तो फोन आठवला. विचारणारी बाई राजधानीतली होती, आवाजावरून कळत होतं. आता सॉरेल फोर्कमध्ये परक्या माणसाने काहीही विचारलं तरी 'तक्रार नाही' म्हणतात. ते उत्तर नसतं, तो नमस्कार असतो. शेजारच्या होबार्टकाकांच्या गोठ्यावर ओक वृक्ष कोसळला, तेव्हा पाहायला आलेल्या माणसाने कसं काय विचारलं, तर काका छपराखालून हेच म्हणाले होते. त्या राजधानीतल्या बाईने मात्र नमस्काराची नोंद करून घेतली.

संध्याकाळी होबार्टकाका मक्याचा पाव घेऊन आले. खोऱ्यात बातमीला ना तार लागते ना टॉवर. टोमणा मारायच्या तयारीनेच ते खुर्चीत बसले.

"तुझ्या जिभेपायी माझी नात पुन्हा चर्चच्या पार्किंगमध्ये, तिथल्या वायफायवर, बसून अभ्यास करणार म्हणायची."

"काका, तुम्हाला नव्हता का आला फोन?"

"आला होता की."

"मग काय म्हणालात?"

काकांनी पाव मोडला, बघितला, खाली ठेवला.

"मी काय म्हणणार गं?"

दोघांनी बसून हिशेब लावला. अकराच्या अकरा घरं समाधानी होती. बेव्हिन्सच्या घरी तर वीजसुद्धा नव्हती त्या आठवड्यात.

शुक्रवारी पत्र नव्हतं. टॅमसिनबाईंनी नियम वाचून दाखवला, हेडफोन परत पाठवायचा पत्ता दिला आणि मग खरोखरच्या काळजीने विचारलं, "वर्ना, तू बरी आहेस ना?"

सतरा वर्षांची नोकरी होती. सांगण्यासारखं बरंच काही होतं. पण तोंड मनाच्या आधी उघडलं.

"तक्रार नाही," वर्ना म्हणाली.

टॅमसिनबाईंना हायसं वाटलं. तसं त्या म्हणाल्याही.

हेडफोनचं खोकं टपालात टाकून आल्यावर वर्नाने त्या सरकारी नकाशावर हरकत घ्यायचा फॉर्म काढला. त्यात सगळे रकाने मोबाइल सेवेच्या वेगाबद्दल होते. शेवटी 'इतर' म्हणून चार ओळी मोकळ्या होत्या. तिथे तिने बारीक अक्षरात लिहिलं :

"दि. ११ फेब्रुवारी रोजी दूरध्वनीवर दिलेले माझे उत्तर रद्द समजावे. तसेच खाणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी, शाळा बंद होताना अधीक्षकांनी आणि माझ्या नवऱ्याच्या दफनाच्या वेळी पाद्रीसाहेबांनी विचारले असता मी दिलेली उत्तरेही रद्द करून, त्या त्या तारखेस माझी तक्रार होती, अशी पूर्वलक्षी प्रभावाने नोंद घेण्यात यावी, ही विनंती."