पिवळ्या विमानावरची काजळी

धाकट्या साडूने कपाटावरून ते विमान काढून टेबलावर ठेवलं आणि थोरल्याच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही चहाबिस्किटांनी थांबणारं नव्हतं.

काय विमान होतं, शिंचं! दीड वीत लांब, पिवळं, एका इंजिनाचं, शेतांवर औषध फवारणारं. सासऱ्यांनी सव्वीस वर्षं मिस्त्री म्हणून ज्याची देखभाल केली, हुबेहूब तेच. धूर सोडणाऱ्या नळीपासून मागे पसरत गेलेली काजळी. पोटाखाली तेलाचा ओघळ. पायलट चढताना जिथे बूट टेकवतो, तिथला रंग उडून आतला पत्रा दिसत होता. पंख उन्हाने विटलेले, आणि तेही फक्त वरून! खालून मात्र अगदी ठणठणीत पिवळे.

"अगंबाई," थोरल्याची बायको म्हणाली, "आत्ताच उडून आल्यासारखं दिसतंय की हो!"

बघा. स्वतःची बायको. सात महिने स्वतःच्या घरात थोरला असंच विमान करत बसला होता, तेव्हा हिच्या तोंडून एकदाही 'अगंबाई' निघालं नव्हतं.

"छान आहे," थोरला म्हणाला आणि जवळून बघायला हात पुढे केला.

"दादा, हात नका लावू हं!" धाकटा घाईघाईने म्हणाला.

झालं! ज्याने बनवलेल्या कवळ्यांवर या शहरातली निम्मी म्हातारी माणसं जेवतात, त्याला म्हणे हात नका लावू. थोरल्याने हात मागे घेतला, चहा अर्धा टाकला आणि डोकं दुखतंय म्हणून घरी निघून आला.

भानगड अशी होती की ते खरं विमान केव्हाच भंगारात गेलं होतं. विमानतळावरच्या शिकाऊ पायलटांच्या शाळेने आता दारातच एक काचेची पेटी केली होती. त्या विमानाचा एक छोटा नमुना पेटीत ठेवायचा, खाली पितळी पट्टीवर बनवणाऱ्याचं नाव. नमुना मिस्त्रींनी निवडून द्यावा, असा शाळेचा निरोप होता. आणि सासरे म्हणाले होते, "दोघं करताय तर दोघंही आणा. रविवारी बघू."

थोरल्याला ते नाव हवं होतं. कबूल करायला लाज वाटत होती, पण हवं होतं, अगदी जीव टाकून हवं होतं. अठरा वर्षं तो या घरचा जावई. पहिली पंधरा वर्षं या घरात विमानांचे नमुने करायचं वेड त्याला एकट्याला. सासऱ्यांशी बोलायला दुसरं काही सुचायचं नाही, म्हणून तर त्याने ते लावून घेतलं. एवढं करून सासरे त्याला अजून 'या जावईबापू, बसा' म्हणत. आणि हा धाकटा, नाटकांचे पडदे रंगवणारा, तीन वर्षांपूर्वी आला काय, आणि सासरे त्याला 'अरे, ये रे, ती खुर्ची ओढ' म्हणायला लागले काय! ते 'अरे' थोरल्याला कानशिलात मारल्यासारखं लागायचं.

घरी त्याचं स्वतःचं विमान तयार होतं. स्वच्छ, लखलखीत पिवळं. कवळ्या कोरायच्या बारीक सुईने त्याने पत्र्यांचे सांधे कोरले होते, आणि पत्रे जोडणारी एकेक रिव्हेट टोचली होती, दोन हजारांच्या वर. एकही ओळ वाकडी नाही. सासरे मध्यंतरी येऊन ते बघून गेले होते. पाच मिनिटं हातात धरून फिरवलं आणि म्हणाले, "हं." बस. पुढे मटार सोलायला बसले.

आता थोरल्याला ते लखलखीत विमान खेळण्यातलं वाटायला लागलं. धाकट्याच्या त्या मळक्या विमानापुढे हे म्हणजे दुकानातून आणलेलं!

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी दहाला तो कामाच्या खोलीत शिरला. काळा रंग पातळ केला आणि सांध्यांमधून सोडला. बरं दिसलं. मग काजळी. धाकट्याने एका बाजूला केली होती, याने दोन्ही बाजूंना केली. धाकट्याचा तेलाचा ओघळ एक, याचे तीन. स्पंजाचा तुकडा चिमटीत धरून, रुपेरी रंगात बुडवून रंग उडाल्याचे टवके उमटवले. आणि मग हात थांबेचना. रिव्हेटांभोवती गंज हवा, त्याशिवाय जुनं कसं वाटणार? विटकरी रंगाने त्याने एकेका रिव्हेटला गंज चढवला.

"अहो, पुरे की आता," बायको दारातून म्हणाली. "गॅरेजच्या मागे पडल्यासारखं दिसतंय."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला आधीचं आवडलं होतं."

"मग तेव्हा बोलायला काय झालं होतं?" तो खेकसला. ती बिचारी निघून गेली.

शेवटी त्याने वरून पक्क्या लॅकरचे दोन थर दिले. माणसांच्या तोंडात राहणाऱ्या वस्तू बनवणारा माणूस तो. काम टिकलं पाहिजे, निघता कामा नये, ही त्याची कायमची सवय.

रविवारी सासऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर दोन्ही विमानं शेजारी शेजारी उभी राहिली. सासऱ्यांनी चष्मा लावला आणि आधी थोरल्याचं उचललं.

"हे काय?"

"गंज, बाबा."

"ॲल्युमिनियमला?" सासऱ्यांनी चष्म्यावरून बघितलं. "जावईबापू, हे विमान आहे का बादली?"

मेहुणी फिसकन हसली. सासऱ्यांनी विमान उलटं केलं.

"आणि हे तेल? तीन ठिकाणी? सव्वीस वर्षांत असं गळकं विमान मी एकदा तरी वर जाऊ दिलंय का? त्या पेटीसमोरून शिकाऊ पोरं जाणार. म्हणतील, मिस्त्री झोपा काढत होता." त्यांचा आवाज खरोखरच दुखावला होता. "तुमचं ते स्वच्छ विमान कुठाय?"

"हेच ते."

"अहो, काय केलंत हे! ते तर तेव्हाच ठरलं होतं. मी शाळेला कळवूनसुद्धा टाकलं होतं, थोरल्या जावयाचं घ्या म्हणून."

थोरला खुर्चीतून उठलाच. "पण बाबा, तुम्ही नुसतं 'हं' म्हणालात!"

"मग? म्हणालो ना?"

"आणि याचं?" त्याने धाकट्याच्या विमानाकडे बोट केलं. "तेही मळकंच आहे की!"

"ते मीच मागितलं होतं त्याच्याकडे," सासरे म्हणाले. "रोज संध्याकाळी विमान उतरलं की मी पुसायचो. आता घरात पुसून पुसून काय पुसायचं, डबे? म्हटलं, मला एक मळकं आणून दे."

"नुसती खडूची पूड आणि पाण्याचा रंग आहे, दादा," धाकटा म्हणाला. "बोट लागलं तरी निघतो. म्हणून तर तुम्हाला हात लावू दिला नाही."

सासऱ्यांनी ओलं फडकं घेतलं आणि आधी थोरल्याचं विमान पुसायला घेतलं. हलक्या हाताने पुसलं, मग जोर लावून पुसलं. गंज जागचा हलला नाही. "लॅकर मारलंय," थोरला पुटपुटला. सासऱ्यांनी ते बाजूला ठेवलं आणि धाकट्याचं घेतलं. फडक्याच्या एका फेरीत काजळी गेली, दुसरीत ओघळ गेला. म्हातारा जीभ दातात धरून पुसत होता, पोटाखाली, शेपटीखाली, चाकांच्या बेचक्यांत, आणि इतका खूश होता की थोरल्याला बघवेना. पाच मिनिटांत टेबलावर स्वच्छ पिवळं विमान उभं राहिलं. विटलेले पंख आणि बुटाची जागा तेवढी राहिली.

"हे द्यावं लागेल आता," सासरे म्हणाले.

थोरल्याने वाकून बघितलं. रिव्हेटांच्या ओळी वाकड्या होत्या. डाव्या पंखावर तर सापासारख्या गेल्या होत्या. मळाखाली त्या झाकल्या होत्या, आता उघड्या पडल्या. ते बघूनही त्याला बरं वाटलं नाही.

"बाबा, पट्टीवर नाव दादांचंच घाला," धाकटा म्हणाला. "सांधे कोरायला मी त्यांचं बघूनच शिकलो. आणि ठरलं होतं ते त्यांचंच."

कुठेही टोमणा नाही, कुठेही उपकाराचा आव नाही. थोरल्याने त्याच्या चेहऱ्यात काहीतरी वाईट शोधलं आणि त्याला ते सापडलं नाही. अरे, निदान हलकट तरी असायचास! त्याला ओरडून सांगायचं होतं, नको मला तुझी भीक, तुझं विमान, तुझं नाव घाल. त्याने तोंड उघडलं. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"चालेल," तो म्हणाला.

धाकटा मनापासून हसला. सासऱ्यांनी मान डोलावली आणि फडकं पिळायला उठले. बायकोने मात्र त्याच्याकडे एकदा बघितलं आणि खाली मान घालून टेबलावरच्या कपबशा गोळा करायला लागली.