गुंडाळलेलं छप्पर

“माणसाची संस्कृती तो वस्तू कशी आवरून ठेवतो यावरून ओळखावी,” असं जाहीर करून अण्णांनी बटण दाबलं.

गाडीच्या अंगाला गुंडाळलेलं कापडी छप्पर गुरगुरलं, हातभर बाहेर आलं आणि अडकलं. घडीतून एक मेलेली गोगलगाय सुटली आणि अण्णांच्या टकलावर बसली. पाठोपाठ वास आला. ओल्या मोज्यात दही विरजून विसरून जावं, तसा.

“शी!” लेकीनं ओढणी नाकावर दाबली.

“बघ तुझ्या नवऱ्याचे प्रताप,” अण्णा म्हणाले, आणि त्यांची नवी कवळी टक् वाजली. जुनी कधी वाजत नसे. ती गेल्या वर्षीच्या सहलीत कुत्र्यानं पळवली होती. कुत्रा अण्णांखेरीज कुणी पाहिला नव्हता.

गाडी अण्णांची. आत पलंग, शेगडी, मोरी, सगळं. त्या सहलीत तिघंही तिच्यातून भटकले. पाऊस लागला तेव्हा टाकीतलं पाणी वाचवायचं म्हणून अण्णा रोज स्टुलावर चढून छपराच्या खोलगटात साचलेल्या पाण्यात तोंड धूत. निघायच्या दिवशी घाईघाईत कुणीतरी छप्पर ओलंच गुंडाळलं. कुणी, ते अण्णांनी परतीच्या वाटेवरच ठरवून टाकलं. जावयाला काही आठवत नव्हतं. पण वर्षभर ऐकून ऐकून आपणच असू, असं त्यालाही वाटायला लागलं होतं.

तेव्हापासून किल्ली अण्णांच्या करगोट्याला. उद्या लेकीला आणि जावयाला समुद्रावर जायचं होतं, लग्नानंतर पहिल्यांदाच दोघांनीच. अण्णांनी अट घातली होती: छप्पर साफ करून चालतं करायचं आणि जावयानं स्वतःच्या तोंडानं ‘चूक झाली’ म्हणायचं. मग किल्ली.

“पुन्हा एकदा दाबून बघतो.”

“थांबा, थांबा!” जावयानं फ्यूज उपसून खिशात टाकला. “बाजूच्या दांड्यांत स्प्रिंग आहे, अण्णा. एकदम सुटला तर जबडा घेऊन जाईल.”

“माझा गेलेलाच आहे, बापू.”

जावयानं दोन्ही दांड्यांना पट्टे बांधले, गाडीच्या कड्यांतून ओवले आणि टोकं बायकोच्या हातात दिली. ती सैल सोडेल तेवढंच छप्पर पुढे येणार होतं. मग तो शिडीवर चढला आणि हँडल लावून हातानं फिरवू लागला.

कापड चिकटपट्टीसारखं चर्र आवाज करत सुटत होतं. आधी काळी बुरशी आली, मग हिरवी, मग केसाळ पांढरी. एक पाल निघाली, चपटी, घडीच्या दोन्ही बाजूंना सारखीच छापलेली. जावई ब्रशानं घासत होता, आणि काळा रस्सा मनगटावरून कोपरापर्यंत येऊन तिथून बनियनमध्ये शिरत होता. तो तोंड घट्ट मिटून होता.

अण्णा खुर्चीवर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसले होते.

“तो कोपरा राहिला. पाल नुसती पुसू नका, खरवडा. आमच्या घरी असलं काही कधी नव्हतं. आता म्हणून टाका, बापू. दोनच तर शब्द.”

“म्हण ना रे,” लेक खालून हळूच म्हणाली. “काय झिजतंय? समुद्र तरी दिसेल.”

जावयानं खांद्याला ओठ पुसले. थुंकला.

“बरं, अण्णा. चूक—”

हँडल थांबलं. शेवटच्या वेढ्यात एक टेंगूळ होतं. त्यानं बायकोला पट्टे आवळायला सांगितले आणि घडीत बोटं खुपसली. आत लिबलिबीत होतं, आणि त्या लिबलिबीत काहीतरी टणक. त्यानं ते ओढून काढलं, तोंडाजवळ धरून पाहिलं आणि लगेच लांब केलं.

गुलाबी हिरड्यांवर काळी लव उगवली होती. दोन दाढांच्या फटीत एक अळी सुखानं राहत होती.

“काय आहे? अजून एक पाल?” अण्णांनी विचारलं.

जावई शिडी उतरला, ती वस्तू फडक्यात ठेवली आणि फडकं अण्णांच्या मांडीवर. लेकीनं पट्टे न सोडता मान लांब केली.

अण्णांनी फडकं पाहिलं. मग वर, छपराच्या खोलगटाकडे पाहिलं. मग त्यांचा हात कमरेकडे गेला. करगोट्याची गाठ सुटेना. शेवटी त्यांनी ओढून तोडली आणि किल्ली खुर्चीच्या हातावर ठेवली.

“कुत्रा बराच उंच उडी मारणारा होता,” लेक म्हणाली.

जावयानं बादलीत हात बुडवले. “उद्या लवकर निघू,” तो बायकोला म्हणाला. “छप्पर आज दिवसभर वाळू दे. ओलं नको गुंडाळायला.”

अण्णांनी नवी कवळी काढून सदऱ्याच्या खिशात ठेवली. फडक्यातली उचलून उन्हात फिरवली, अळीला नखानं उडवलं आणि कुणीतरी फार दिवसांनी घरी यावं तसं तिच्याकडे पाहत राहिले.

“बापू,” ते बोळक्या तोंडानं म्हणाले, “तो ब्रश द्या जरा.”

“आतून नवा आणतो की.”

“नवा कशाला? छपराचाच चालेल.”