निळसर पापुद्रे

“दिवा बंद केलास ना, उत्तरा? मग मीटरचा काटा खाली का येत नाही?” गुर्जर सरांनी विचारलं.

“पापुद्रा निळसर आहे, सर. स्वच्छ असला की प्रकाशात काटा जेमतेम हलतो. निळ्यातून मात्र वीज वाहते, आणि अंधार केला तरी वाहतच राहते.”

“म्हणजे माल अशुद्ध. फेकून दे.”

छप्पन्न साल होतं. मोलिब्डेनमच्या ऑक्साइडचे हे पापुद्रे भट्टीत वाढवण्यात उत्तराचं वर्ष गेलं होतं. फेकायला हात होईना. तिला वाटत होतं, यात भेसळ नाहीच. थरांमधले थोडे ऑक्सिजनचे अणू निसटलेत आणि त्या रिकाम्या जागाच हे सगळं करताहेत. पण सिद्ध कसं करायचं?

रविवारी ठाकुर्लीच्या घरी तिनं ते अण्णांपाशी काढलं. त्र्यंबकअण्णा पॉवर हाऊसमध्ये फिटर होते. छातीच्या दुखण्यानं वर्षभर खाटेवर पडून होते.

“अभ्रकासारखं का गं? थरांचं?”

“अगदी तसंच.”

दम खात ते म्हणाले, “मग सोपंय. गेलंय ते परत घालून बघ. निळेपणाबरोबर वीजही गेली, तर तुझं खरं.”

तिनं पापुद्रे ऑक्सिजनमध्ये भाजले. निळेपणा गेला, काटाही हलेना. हायड्रोजनमध्ये तापवल्यावर दोन्ही परत आले. आता अंधारात काटा हळूहळू उतरायला लागणारा वेळ तेवढा मोजायचा होता, दिवसभर, सलग.

त्या सकाळी अण्णांना घरघर लागली होती. उत्तरानं चपला काढून ठेवल्या.

“मी नाही जात आज.”

“जा. काम अर्ध्यावर टाकून आलेलं मला खपत नाही.”

ती गेली. संध्याकाळी परतली तेव्हा दारात शेजारी उभे होते.

“दीड वाजता गेले,” आई म्हणाली. “शेजारचा काळुराम तुला फोन करायला निघालेला. यांनी त्याचा हात धरून ठेवला. म्हणाले, तिचं होऊ दे.”

“आणि तू ऐकलंस?”

“जन्मभर ऐकलं गं. आज कसं मोडू?”

महिन्याभरानं सरांनी तिचा लेख वाचला. “तुझंच बरोबर होतं,” ते म्हणाले. शेवटी आभारांपाशी त्यांचं पेन थांबलं.

“हे त्र्यंबक सोहोनी कुठल्या संस्थेतले? हुद्दा नाही लिहिलास.”

“फिटर होते, सर. माझे वडील.”

‘होते’ हा शब्द सरांच्या ध्यानात यायला एक क्षण लागला. मग त्या नावापुढे स्वल्पविराम देऊन त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: फिटर, ठाकुर्ली.